आईचं नाव यादीत नाही

लोकसभेच्या मतदानादिवशी संध्याकाळी मी आईला एक वाक्य बोललो, आणि पुढची पावणेदोन वर्षं त्या वाक्यापासून तोंड लपवत फिरलो. वाक्य साधंच होतं. "आई, यादीत तुझं नाव नाही."

नाव होतं. आईचं होतं, माझं होतं, बायकोचंही होतं. तिघांची नावं एकाखाली एक, फोटोंसकट छापलेली होती.

मग असं का बोललो? सांगतो, पण सांगताना स्वतःची बाजू जमेल तितकी सावरणार आहे, हे आधीच कबूल करतो. मे महिना होता. आमची कॉलनी अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे. ओळीनं रो-हाउसेस, मधे मारुतीचं देऊळ आणि सावलीला म्हणाल तर एक झाड नाही. होती ती आम्हीच गाड्या लावायला जागा हवी म्हणून तोडली. मतदान केंद्र नाल्यापलीकडच्या शाळेत, चालत दहा मिनिटांवर. बायको शिक्षिका. तिची इलेक्शन ड्यूटी पार करमाळ्याकडे केमला लागली होती, ती आदल्या दिवशीच गेलेली. घरात मी आणि आई.

आई सकाळी सातला तयार होऊन बसली. ठेवणीतलं इरकली लुगडं, हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेलं मतदान कार्ड. मी म्हटलं, आत्ता गर्दी असेल, नऊला जाऊ. नऊला म्हटलं, चहा तर घेऊ. अकराला म्हटलं, आता ऊन झालं, चारनंतर जाऊ. जेवलो, कूलरपुढे आडवा झालो आणि डोळे उघडले तेव्हा सव्वापाच वाजले होते. आई तशीच खुर्चीत. पदरसुद्धा हललेला नाही. दार उघडून पाहिलं तर भट्टीचं झाकण काढल्यासारखी हवा तोंडावर आली. सत्तरी ओलांडलेली बाई, असं ऊन, स्कूटरवर कशी न्यायची, तिला भोवळ आली तर काय, असे सगळे मातृभक्तीचे विचार मला त्या वेळी सुचले. त्यात खरा विचार एकच होता, की मला जायचा कंटाळा आला होता. मी मोबाइल घेतला, यादी बघितल्यासारखा अंगठा वरखाली फिरवला आणि ते वाक्य बोलून टाकलं.

आईनं कॅरीबॅगमधलं कार्ड काढून उलटसुलट बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी? कागदावर मी मेले का?"

"नाही गं. राहिलं असेल चुकून. खूप जणांची राहिलीत."

"तुजं हाय का?"

"माझं आहे."

"मग जा की तू. तुजं कशाला बुडवतोस?"

आता जाणं भाग पडलं. स्कूटर काढली, शाळेपर्यंत गेलो. नाल्यापलीकडच्या गल्ल्यांमधली चादर-टॉवेलच्या कारखान्यांतली माणसं पाळी सुटल्यावर आली होती आणि रांग फाटकाबाहेर उन्हात आलेली. मी ती रांग पाहिली, समोरच्या दुकानात एक लिंबू सोडा घेतला, आणि शेजारच्या स्टेशनरीतून एक काळा मार्कर. घरी शिरताना डाव्या बोटावर रेघ होती. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे आपापली बोटं टाकत होते, मीही टाकलं. वर तीन झेंडे. आत आलो तर आई लुगड्याची घडी घालत होती. चारही टोकं नीट जुळवून, सणानंतर घालतात तशी.

दुसऱ्या दिवशी बायको केमहून परतली. दोन दिवस पत्र्याच्या खोलीत बसून तिचा चेहरा तांबडा झालेला. सगळं ऐकून म्हणाली, "मी तिकडं लोकांचं मतदान घेत होते, आणि तुला दहा मिनिटं चालवलं नाही?" पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आईंना आजच्या आज खरं सांग."

मी म्हटलं, सांगतो.

सांगायचं मी रोज ठरवत होतो. पण तोवर आईनं ती गोष्ट मनाला लावून घेतली होती. तिला बाबांची फॅमिली पेन्शन मिळते. बाबा मैंदर्गीच्या शाळेत मास्तर होते. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे मी जिवंत आहे असं लिहून द्यायचं. त्या नोव्हेंबरात आई बँक उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसली. साहेबांना म्हणाली, "मतदानाच्या यादीतनं माजं नाव गेलंय. हितनं तर न्हाय ना गेलं?"

साहेब हसले. "आजी, तुम्ही तर माझ्या समोर बसलाय."

"तितंबी समोर बसले असते की. कुनी बसू दिलं तर!"

मी शेजारी उभा होतो. बँकेतल्या कॅलेंडरवरचे सगळे वार मी त्या दिवशी वाचून काढले.

पुढं पुढं तिनं एक फाइल केली. आधार, पेन्शनचं पुस्तक, बाबांचा मृत्यूचा दाखला, या सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. पोस्टमनची सायकल वाजली की ती उठून दाराशी यायची. विजेचं बिल असो, विम्याचं पाकीट असो, माझ्या हातात देऊन म्हणायची, "वाच बरं, माज्याबद्दल काय हाय का." मी वाचायचो. "काही नाही गं, युनिट वाढलेत." तिचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा. असं वर्षभर. एवढ्याशा खोट्याला रोज पाणी घालून मी त्याचं झाड केलं होतं.

विधानसभेच्या वेळी ती मैंदर्गीला ताईकडे होती. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बहिणीच्या गुडघ्याबद्दल देवाचे आभार मानणारा सख्खा भाऊ दुसरा नसेल.

आणि मग महापालिका आली. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, शाळा दहा मिनिटांवर. आता ऊन तरी कुठून आणणार?

इथं आमच्या कॉलनीबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही सगळे मास्तर, क्लार्क, बँकवाले, रिटायर्ड. आमच्या ग्रुपवर सकाळी सहाला राजकारण सुरू होतं. एक बाजू ठरलेली, तिचे लोक जास्त. दुसऱ्या बाजूचे चौघे, पण आवाज दहाजणांचा. एक काका आजवर तीन वेळा रागानं ग्रुप सोडून गेले आणि तिन्ही वेळा पाणी कधी येणार ते कळेना म्हणून परत आले. मी दोन्हीकडच्या मेसेजांना अंगठा देतो. मला वाटतं, त्यामुळे दोन्हीकडचे मला आपला समजतात. बायकोचं म्हणणं आहे की दोन्हीकडचे मला ओळखून आहेत. पण प्रत्यक्ष मतदानादिवशी आमच्यातली चार डोकी बाहेर पडली तर पडली. नाल्यापलीकडं मात्र कुणी मेसेज टाकत नाही, दुपारपर्यंत मतं पडलेली असतात. आमच्याकडे सकाळी भांड्याला येणारी आणि नंतर कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवणारी अक्का तिकडचीच. तिला एकदा विचारलं, तुमच्याकडे कुणाचं वारं आहे? ती म्हणाली, "वारं काय हो भाऊ, आमच्याकडं पंखाबी न्हाई." आणि हसत भांडी घासत राहिली.

निवडणूक लागल्यावर एका उमेदवाराचा कार्यकर्ता देवळात मीटिंगला आला. आम्ही पाण्याचा विषय काढला. पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे. तो शांतपणे म्हणाला, "काका, वर आम्हाला विचारतात, ही कॉलनी कुठली? एवढीच मतं? आम्ही मान खाली घालतो. मतंच नाहीत तर पाइप कुठल्या तोंडानं मागायची?"

मग कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, मतदान वाढवण्यासाठी समिती करू. आणि त्या समितीचा प्रमुख म्हणून बोट माझ्याकडे. "लोकसभेला एवढ्या उन्हात जाऊन यांनी फोटो टाकला होता. असा माणूस पाहिजे."

मी नको नको म्हणालो. लोकांना तो विनय वाटला.

घरी येताना मी ठरवलं, की आता आईला खरं सांगायचं. दारात पाय ठेवला आणि तोंडातून आलं, "आई, तुझं नाव परत घातलंय मी यादीत. फॉर्म भरला होता, मंजूर झाला."

आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी शेंगापोळ्या केल्या, मला गरम गरम वाढल्या आणि उरलेल्या डब्यात घालून देवळात वाटल्या. "माज्या लेकानं माजं नाव परत आनलं." देवळात येणाऱ्या सगळ्या बायकांना तिनं हे सांगितलं. मी त्या पोळ्या खाल्ल्या. चार खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचे रिटायर्ड पोस्टमास्तर आले, हातात फाइल. त्यांच्या पत्नीचं नाव यादीतून खरोखरच गेलं होतं. घर बदललं तेव्हा जुन्या पत्त्यावरून कमी झालं आणि इथं लागलंच नाही. "मी ऑफिसात जाऊन आलो," ते म्हणाले. "तिथं सांगितलं, महापालिकेला विधानसभेची यादीच घेतलीय, आता नवं नाव घालता येत नाही. मग तुम्ही आईंचं कसं घातलंत?"

चाळीस वर्षं पत्रांचे पत्ते तपासलेला माणूस. त्याच्यापुढं मी.

"आमचं जरा आधी झालं," मी म्हटलं.

"कुणाकडून?"

"वरून."

"वरून म्हणजे?"

मी वर बोट केलं. त्यांनीही छताकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मग आमच्या हिचंही वरूनच करा की. तिला फार लागलंय हो ते."

मी म्हणालो, "बघतो."

आमच्या कॉलनीत 'बघतो' म्हणजे नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मी आईचं काम करून दाखवलेला माणूस होतो. पोस्टमास्तर हात जोडून गेले.

त्या दिवसापासून मला झोपेतही चिठ्ठ्या दिसायला लागल्या. मतदाराच्या चिठ्ठ्या घरोघर वाटायला यादीवाल्या बाई येतात. अंगणवाडीच्या बाई, आमच्या भागाच्या याद्या त्याच बघतात. त्या आईला भेटल्या की संपलं. मी निवडणुकीच्या ऑफिसात निरोप ठेवला, की घरच्या चिठ्ठ्या मीच येऊन नेतो. मी नोकरीला आहे त्या कॉलेजातून दुपारी दोनदा घरी चक्कर मारायला लागलो. आमचे प्राचार्य विचारायला लागले, घरी कुणी आजारी आहे का?

बाई आल्या रविवारी सकाळी, आणि नेमका पाण्याचा दिवस. मी नळाला मोटर लावून अंगणात पिंप भरत होतो. हातातला पाइप सोडता येईना. आई त्यांना बघून लगबगीनं बाहेर आली.

"बाई, लई उपकार झाले तुमचे. माजं नाव परत आलं."

"परत? गेलं कुठं होतं आजी?"

"लोकसभेला न्हवतं की."

बाईंनी हातातल्या याद्या चाळल्या. "नाही हो. ही यादी सहा-सात वर्षं मीच करते. दरवर्षी तुमच्या सूनबाईंना विचारून जाते. तुमच्या घरचं एकपण नाव कधी गेलं नाही. हे काय, जिथल्या तिथं आहे."

पिंप भरून वाहत होतं. पाणी फरशीवरून फाटकाबाहेर निघालं होतं. मी पाइप धरून उभा.

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. पाण्याकडं बघितलं. "मोटर बंद कर की, पाच दिवसांचं पानी चाललंय वाया," एवढं मला म्हणाली. मग बाईंकडे वळली. "मीच कायतरी चुकीचं ऐकलं आसंल बगा. कान गेले माजे आता."

तिचे कान इतके चांगले आहेत की मी स्वयंपाकघरात फ्रिज उघडला तर तिला देवघरात कळतं.

बाई गेल्या. मी वाट पाहिली. आई काही बोलली नाही. जेवताना बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बोलली नाही. म्हणजे बोलत होती, भाजी काय आणू, ताईचा फोन आला होता, हे सगळं. त्या विषयावर एक अक्षर नाही. ती रागावली असती, रडली असती तर मी पाय धरले असते, सगळी वाक्यं तयार होती माझी. पण ती मला तेवढी संधीही देईना. फाइल टेबलावरून कपाटात गेली. मंगळवारी विम्याचं पाकीट आलं, ते तिनं उशाशी ठेवलं आणि संध्याकाळी बायकोच्या हातात दिलं. "तू वाच गं." मी समोरच बसलो होतो. चष्म्यासकट.

"कळलंय त्यांना," बायको आत येऊन म्हणाली.

"मग बोलत का नाही?"

"त्यांनी का बोलायचं? बोलायचंय तुला."

"मतदान होऊ दे. मग निवांत बोलतो."

"हे तुझं 'चारनंतर जाऊ' झालं," ती म्हणाली.

मतदानाच्या दिवशी सहालाच उठलो. बायको ड्यूटीवर, या वेळी शहरातच. समितीनं वयस्कर लोकांसाठी दहाला रिक्षा सांगितली होती. संक्रांतीला जोडून रजा टाकून निम्मी कॉलनी बाहेरगावी गेलेली, त्यामुळे रिक्षात बसायला कोण उरलंय याचीच मला काळजी. सातला चहा घेऊन आईच्या खोलीत गेलो तर अंथरूण घडी घातलेलं. आई नाही. न्हाणीघरात नाही, देवळात नाही. दारातल्या चपला नाहीत.

नाल्याच्या पुलावर एमआयडीसीचे टेम्पो सुसाट येतात, म्हणून आम्ही तिला एकटीला कधी पाठवत नाही. मी बनियनवर शर्ट अडकवला आणि पळत सुटलो. पुलावर दोन्हीकडं वाकून पाहिलं. माणूस काय बघतो पुलावरून वाकून, ते मला आता लिहवत नाही.

ती शाळेत होती. बायकांच्या रांगेत, अक्का आणि तिच्या गल्लीतल्या सात-आठ बायकांच्या मध्ये. त्या आपसात त्यांच्या घरच्या तेलुगूत बोलत होत्या आणि आई अक्काच्या खांद्याला धरून उभी. अंगावर तेच इरकली.

"आई!" मी ओरडलो. "मला सांगायचं तरी!"

आईनं मान वळवली. "आलास? रांगेत हुबा ऱ्हा. मधी घुसू नको."

बायका हसल्या. मी पुरुषांच्या रांगेत उभा राहिलो. आमच्या कॉलनीतले माझ्यासकट तिघे होते.

एक बाई, एक पुरुष असं आत सोडत होते. आईचा नंबर आला तेव्हा मी खोलीच्या दाराशी पोचलो होतो. आत उमेदवारांचे पोलिंग एजंट ओळीनं बसलेले, त्यात आमचे कॉलनीचे अध्यक्षही. आईच्या बोटाला शाई लावली, तीही मार्कर पेननं. ते बघून मी डावा हात खिशात घातला. आई पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. एक छोटा आवाज आला आणि ती लगेच बाहेर निघाली.

"आजी, थांबा. झालं नाही अजून," अधिकारी म्हणाले. "तीन बटणं राहिलीत."

"माजं झालं की."

"प्रभागात चार नगरसेवक असतात. चार रंगांच्या चार पत्रिका लावल्यात बघा. प्रत्येकीत एक बटण दाबायचं."

"मला एकच मानूस ठाऊक हाय. त्याला दिलं."

"बाकीच्यांत कुणालाही द्या."

"कुनालाबी कसं? बघितल्याबिगर पोरगीबी देत न्हाय कुनी."

एजंट हसले. अधिकारी हसले नाहीत, बाहेर रांग वाढत होती. "मग कुणीच नको असंही बटण आहे शेवटी. ते दाबा. पण काहीतरी दाबल्याशिवाय मत पुरं होत नाही, आजी."

"म्हंजी माजं पयलंबी गेलं का?"

परत जाणार. एवढं होऊनही हिचं मत परत जाणार, आणि या वेळी माझ्या डोळ्यांदेखत. मी दारातूनच ओरडलो, "आई, दाब की कुठलंही! पटापट दाब, चारही एकाच—"

सगळ्या एजंटांच्या माना एकदम वर आल्या.

"ओ साहेब!" अधिकारी उठलेच. "तोंड बंद! कोण तुम्ही?"

आई परत आडोशामागं वळली होती, पुठ्ठ्यावरून तिचं डोकं दिसत होतं. तिनं सावकाश सांगितलं, "लेक हाय माजा. त्याचं ऐकून येकदा माजं मत बुडालंय साहेब. त्याला भाईर थांबवा. आता मी माजं बघते."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मतदान वाढवा समितीचा प्रमुख पोलिसानं दंडाला धरून व्हरांड्यात आणला.

आई आत राहिली. तिनं काय केलं ते मला नंतर अक्कानं सांगितलं, कारण अक्का तिच्या मागेच उभी होती. तिनं चष्मा पुसला आणि उरलेल्या तिन्ही पत्रिकांवरचं एकेक नाव बोट ठेवून मनात वाचलं, वरपासून खालपर्यंत. चौथीपर्यंत शिकलेली बाई, अक्षराला अक्षर जोडून वाचणार. रांगेतून कुणीतरी कुरकुरलं तर अक्का कडाडली, "वाचू द्या की! तुमाला शाळंत कुणी घाई केली होती का?" किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग लांबलचक बीप ऐकू आला.

तिनं कुणाला दिलं ते मला आजही माहीत नाही. माझं सांगायचं तर माझा नंबर आला तेव्हा लक्ष इतकं बाहेर आईकडे होतं, की तिसऱ्या पत्रिकेवर मी कुणाचं बटण दाबलं, ते मलाही माहीत नाही.

बाहेर आलो तर आई फाटकाशी उभी होती. आम्ही चालायला लागलो. पुलाच्या अलीकडं मी म्हणालो, "आई, लोकसभेला तुझं नाव होतं."

"ठाऊक हाय."

"मला कंटाळा आला होता."

"त्येबी ठाऊक हाय." चार पावलं गेल्यावर ती थांबली. "कंटाळा आला म्हनला आसतास तर मी येकटी गेले आसते की रं. वरीसभर मी त्या पाकिटास्नी भीत बसले. पोस्टमन आला की वाटायचं, आता पेन्शन बंद झाल्याचं कागूद. तू समोर बसून वाचून दाखवत हुतास."

एक टेम्पो गेला. तिनं माझा हात धरला नाही, कठड्याला धरून चालली.

पूल संपल्यावर म्हणाली, "पोस्टमास्तरांच्या मंडळीला काय सांगितलंयस?"

"बघतो म्हणालो होतो."

"ती सकाळधरनं तयार हून बसली आसंल. काल देवळात म्हनली, दहाच्या रिक्षात मीबी हाय, तुमच्या लेकानं वरनं करून आनलंय. हितनं सरळ तिच्याकडं चल."

"आत्ता? दुपारी गेलो तर—"

आईनं नुसतं बघितलं. मी सरळ त्यांच्या दाराची बेल दाबली.

दार पोस्टमास्तरांच्या पत्नीनंच उघडलं. रेशमी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात पर्स. "लवकर आलात? रिक्षा दहाला ना?"

मी चौकटीत उभा राहूनच सगळं बोललो. नाव यादीत नाही. मी कुणाशीच बोललो नाही. आईचं नाव कधी गेलंच नव्हतं, मी तिला खोटं सांगितलं होतं आणि पुढचं सगळं त्यावर रचलं. मागून पोस्टमास्तर आले, त्यांनी शेवटचं ऐकलं. "पण वरून म्हणाला होतात?"

"वर कुणी नाही," मी म्हणालो.

बाई पर्स उघडत, बंद करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि आता सांगताय ते तरी खरं कशावरून?"

मी मोबाइलवर यादी उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि सोफ्यावर बसून पहिल्या पानापासून बघायला लागल्या. आई त्यांच्याशेजारी बसली. आमच्या कॉलनीतली सगळी माणसं त्या पडद्यावरून वर वर सरकत गेली. मधे बाई थांबल्या. "हे बघा, तुमचं." आईनं मोबाइल हातात घेऊन स्वतःचं नाव वाचलं, वय वाचलं, आणि परत दिला. शेवटच्या पानावर बाई म्हणाल्या, "नाही. माझं नाही." आणि आत जाऊन गजरा काढून आल्या.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. आत फक्त दोघेजण बसलेले दिसत होते. मी दाराकडे वळलो. "समितीचं..."

"बस खाली," आई म्हणाली. "रिक्षा तुज्याबिगर जाती. आदी हिचा फार्म भर. या खेपंला न्हाई तर फुडच्या खेपंला लागंल नाव."

पोस्टमास्तरांच्या फाइलमध्ये कोरा फॉर्म होताच. मी पेन घेतलं. बाईंनी जन्मतारीख सांगितली, पोस्टमास्तर म्हणाले वर्ष चुकतंय, बाई म्हणाल्या, "जन्मले मी का तुम्ही?" मी त्यांनी सांगितलं ते लिहिलं. लिहून झाल्यावर आईनं माझ्या हातातून कागद काढून घेतला, चष्मा सारखा केला आणि एकेक रकाना बोट ठेवून वाचायला लागली.

"बरुबर हाय," ती म्हणाली आणि कागद परत दिला. "उद्या नेऊन दे. आन पोचपावती घेऊन ये. मला दाखव."